मुका खण

खण ओढला आणि तो किंचाळला.

करकरला नाही, कुरकुरला नाही. किंचाळला. डुकराचा पाय धरला की ते जसं ओरडतं, तसा. या आवाजानं गोठ्यातली म्हैस आटली असं मी पुढं लोकांना सांगायचे. म्हैस आटली नव्हती, पण आवाज खरंच म्हैस आटण्यासारखा होता.

"आयकलं?" अनसूयाबाई म्हणाल्या. "वर्षभरात तुह्या नवऱ्याचं लाकूड असं बोंबलते. रोज रातच्याला."

"रातच्याला?"

"त मंग. भिंतीपलीकडे शाळेचे मास्तर भाड्यानं रायते. बिचारा झोपीतून उठते अन् खाकरत बसते. लाज वाटते आमाले."

मी मान हलवली आणि पिशवी उघडली.

परतवाड्याला आमचं लाकडी सामानाचं दुकान होतं. मेळघाटातलं सागवान उतरायचं, आरागिरणीत चिरायचं आणि आमच्याकडं त्याची कपाटं, पलंग, आरशाची टेबलं व्हायची. मुलीच्या लग्नात आंदण द्यायचं तर माणसं लांबून आमच्याकडं येत. आमच्या धंद्याची एक रीत होती. मुलगी सासरी गेल्यावर पहिला पावसाळा सरला, की दुकानातल्या कुणीतरी जाऊन लाकूड बघून यायचं. पाण्याच्या दिवसांत लाकूड फुगतं, खण अडतात, आवाज करतात. ते मोकळे करून द्यायचे. पण सामान असतं सुनेच्या खोलीत. तिथं परका गडी कसा शिरणार? म्हणून ते काम माझ्याकडं आलं. काचपेपर, मेण, संगजिऱ्याची पुडी आणि कपडे धुवायच्या साबणाचा तुकडा, एवढ्या सामानावर मी कितीतरी गावांतले खण गप्प केले. आणि तोंडानं गप्पा मारल्या. बिबट्या रात्री दुकानात शिरून पलंगाचं पॉलिश चाटून गेला आणि झिंगून आमच्याच दारात झोपला, ही माझी गोष्ट तर अचलपूरपर्यंत पोचली होती. बाया मला खणासाठी बोलवायच्या की गप्पांसाठी, कोण जाणे.

पण त्या खोलीत मला गोष्ट सुचेना.

अनसूयाबाईंची सून कुंदा भिंतीला टेकून उभी होती. आरागिरणीतले मुकादम शामराव गावंडे, त्यांची ही मोठी मुलगी. लग्नात हे आरशाचं टेबल बैलबंडीत चढवताना हिनं आरशात वाकून स्वतःला जीभ काढून दाखवली होती. आज ती माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. नजर माझ्या हातांवर.

मी खण अख्खा बाहेर काढून मांडीवर उलटा घेतला. लाकूड फुगलेलं नव्हतं. कडेच्या पट्ट्यांना मी स्वतः लावलेलं मेण कुणीतरी खरवडून काढलं होतं, आणि त्यावर काहीतरी चिकट घासलं होतं. बोट लावून वास घेतला. राळ. सारंगीच्या गजाला लावतात ती. राळ लागली की लाकूड लाकडाला धरून ठेवतं आणि ओढलं की गळा काढतं. खणाच्या मुठीला दोरी घासल्याचा वळ पडला होता.

"कोन शायना राळ लावत बसला हो इथं?" हे माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात अनसूयाबाईंच्या मागं उभ्या कुंदानं नको म्हणून मान हलवली. एकदाच, बारीक. तिच्या नखांत पिवळं काहीतरी होतं.

मी तोंड मिटलं.

"काय म्हणते आमचं भूत?"

पुंजाजी ढोले, कुंदाचा सासरा. संत्र्याच्या बागा, भजनी मंडळात पुढची जागा, बोलणं गुळासारखं. तो आत आला आणि सरळ पलंगावर बसला. आमच्याकडं सासरा सुनेच्या दारात आधी खाकरतो. काम असलं तर उंबऱ्याबाहेरून बोलतो. तिच्या पलंगावर बसलेला सासरा मी त्याआधी पाहिला नव्हता. अनसूयाबाईंनी पदर पुढं ओढला आणि खिडकीकडं तोंड केलं. कुंदा भिंतीत शिरेल की काय अशी मागं सरकली.

"पंचफुलाबाई, आज कोनती गप?" तो हसत म्हणाला. "गप्पा राहू द्या, पन हा खन मुका करून टाका. घरात झोप नाई लागत कोनाले."

"करतो न, भाऊ. पन मेन पातळ कराले कढत पानी पायजे. अन् तुमी उठा आता. बायांच्या कामात मानूस बसला का मेन फाटते."

मेण काही फाटत नाही. पण तो हसत उठला आणि ओसरीवर गेला. अनसूयाबाई पाणी ठेवायला चुलीकडं गेल्या.

मी हळूच विचारलं, "राळ तू लावली?"

तिनं हो म्हणून मान हलवली.

"काहून वं?"

तिनं दाराकडं बोट दाखवलं. दाराला आतून कडी नव्हती. कडीच्या जागी नुसती भोकं.

"कडी कोनं काढली?"

"आत्याबाईनं."

"काहून?"

"मामंजीनं सांगतलं म्हनून."

"अन् तुहा नवरा?"

"ट्रकवर. संत्रा घेऊन दिल्लीले जाते. आठ-आठ दिवस येत नाई." तिचा आवाज इतका बारीक होता की मला तिच्या तोंडापाशी कान न्यावा लागला. "पयले मी दारामांगं गुंड ठेवत जाओ, पान्याचा. आत्याबाईनं उचलून नेला. म्हने खोलीत भांडे कायले? मंग हा खन दाराले बांधला, परकराच्या नाड्यानं. दार लोटलं का खन वढला जाते, वरडते. मास्तर खाकरते. मंग ते वापस जाते."

'ते' कोण, हे मी विचारलं नाही.

"नवऱ्याले सांगतलं?"

"सांगतलं. त्यानं मलेच मारलं."

बाहेर चुलीवर पाण्याला आधण आल्याचा आवाज येत होता. कुंदानं माझं मनगट धरलं.

"काकू, खन मुका नोका करू."

खण नाही गप्प केला तर ते दुसरं कुणी आणतील, नाहीतर टेबलच उचलून नेतील. गप्प केला तर त्या रात्री मास्तर खाकरणार नाहीत. माझ्या पिशवीत यावर काही नव्हतं. म्हणून मी थापेला हात घातला.

अनसूयाबाई पाणी घेऊन आल्या तेव्हा मी खण जमिनीवर ठेवून त्याला हात जोडून बसले होते.

"काय झालं वं?"

"बाई, हे इथं होत नाई. या झाडावर वाघानं नखं घासले होते." मी पट्टीवरच्या ओरखड्यांवर बोट फिरवलं. "ह्या पाहा खुना. वाघाचं नख लागलेलं झाड तोडलं का त्याचा आवाज लाकडात शिरून बसते. नुसता खन असता त मी म्हटलं असतं, वरडू दे. पन याले आरसा हाये. आरशाचं लाकूड वरडते त ज्या घरचा मानूस रस्त्यावर असते, त्याच्या अंगावर येते."

अनसूयाबाईंनी पातेलं खाली ठेवलं. त्यांचा मुलगा ट्रकवर होता.

"माय वं! मंग?"

"दुकानात नेऊन सागाच्या भुशात पुरा लागते. अन् जिचं तोंड या आरशानं पाह्यलं, तिले जवळ बसा लागते. नाईतर उतरत नाई. संध्याकाळी टेबल अन् सून, दोनी आनून देतो."

ओसरीवरून पुंजाजी मोठ्यानं हसला. "आयकलं काय, वाघ! जाऊ दे वं तिले. मुका करून आना म्हना."

तो हसला आणि मला वाटलं, जिंकलं आपण. ढोल्यांच्याच बंडीत टेबल चढवलं, मागं कुंदा आणि मी. गाव मागं पडलं तरी ती बोलली नाही. परतवाड्याची आरागिरणी दिसायला लागली तेव्हा म्हणाली, "बाबाले तुमीच सांगा. माह्या तोंडातून नाई निंगनार."

शामरावांना गिरणीतून बोलावून घेतलं. अंगाला भुसा, कानाला पेन्सिल. मुलीला बघून खूश झाले. मग मी त्यांना दुकानाच्या मागच्या बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. कडी, गुंड, नाडा, राळ, मास्तरांचं खाकरणं. एक शब्द वाढवला नाही. मला सवय नव्हती तसं बोलायची. फार थोड्या वेळात संपलं.

शामराव हसले.

"वयनी, तुमीबी ना. मागं बिबट्याले पॉलिश पाजलं, आज माह्या व्याह्याले राक्षस केलं."

"भाऊ, हे गप नाई."

"पुंजाजी माह्या शेजारी बसते भजनात. टाळ वाजवते. डोये मिटून रडते तो मानूस." त्यांनी कुंदाकडं पाहिलं. "काय वं, खरं हाये काय?"

बापाला मुलगी काय सांगणार? ती पायाच्या अंगठ्यानं भुसा उकरत राहिली. वर बघेचना.

"पाहा," शामराव म्हणाले. "काही असतं त बोलली असती."

"ती बोलून रायली भाऊ. खन दाराले बांधून बोलून रायली रोज. तुमी तिले घरी घेऊन जा."

तेव्हा त्यांचं हसू गेलं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, बघितली, परत कानावर ठेवली. "घरी अजून दोघी हायेत, वयनी," ते म्हणाले. "एक वापस आली म्हनजे तिघीबी बसल्या. घरची गोठ घरात राहू द्या." मुलीच्या डोक्यावर हात ठेवून ते गिरणीकडं निघून गेले. तिथं लाकूड चिरायला लागलं आणि त्या आवाजात पुढचं काही बोलताच येईना.

मी दारात बसून राहिले. एवढ्या थापा मारल्या, लोकांनी सगळ्या ऐकल्या, चहा पाजून ऐकल्या. खरं सांगितलं तेव्हा ऐकणारा उठून गेला.

मागून दगडावर लोखंड घासल्याचा आवाज यायला लागला. आमचे हे, गंगाराम, दिवसाकाठी चार शब्द बोलणारा माणूस. पाणी शिंपडून पटाशीला धार लावत होते. पटाशी म्हणजे लाकडात खाच पाडायचं हत्यार, हातभराचंही नाही, पण पुढची धार वस्तऱ्यासारखी.

"आज कोनतं काम आलं तुमाले?" मी विचारलं.

"खनात ठेवाले," ते म्हणाले.

मला क्षणभर समजलं नाही. मग समजलं.

"तुमी आयकलं सारं? तुमाले खरं वाटते?"

"तू खोटं बोलते तवा तुहे हात हालतेत," ते मान वर न करता म्हणाले. "आज मांडीवर होते."

मग मी खणाला बसले. राळ गरम पाण्यानं आणि सोड्यानं काढली. काचपेपर आधी जाडा, मग बारीक, मग हाताच्या तळव्यानं. पट्ट्यांना मेण चोळलं, वर संगजिरं, पुन्हा मेण. एका कोपऱ्यात लाकूड केसभर चढलं होतं, तिथं यांनी रंधा मारून दिला. आयुष्यात खूप खण गप्प केले मी, पण तसा एकही नाही. करंगळीनं ओढला तरी यायचा, पाण्यातून हात वर यावा तसा. यांनी खणाच्या आत, तळाला पुढच्या बाजूला खाच पाडली आणि पटाशी तिच्यात बसवली. हलवली तरी वाजत नव्हती.

"कुंदा, इकडे ये. निजून दाखव."

ती भुशावर आडवी झाली. टेबल मी तिच्या उशाशी लावलं. "आता डोये मिट. हात वर कर. वढ."

पहिल्यांदा तिचा हात मुठीवर आपटला. दुसऱ्यांदा आरशाला लागला.

"घाई नोको. वासरू दूध पिते तशी वढ. आवाज नाई झाला पायजे. तुले आता आवाजाचं काम नाई."

"काकू, मले भ्याव वाटते."

"मलेबी वाटते. पुन्हा कर."

किती वेळ आम्ही ते करत होतो कोण जाणे. शेवटी तिनं डोळे मिटून हात वर केला आणि पटाशी तिच्या मुठीत आली, तरी शेजारी बसलेल्या मला काही ऐकू आलं नाही.

"आता त्याच्यावर काय ठेवशील?"

"साडी?"

"साडी कोनीबी उचलते. तुहे पाळीचे फडके ठेव. त्याले त्या घरातला कोनताच मानूस हात लावनार नाई."

त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली. हसली म्हणजे ओठ थोडे हलले.

संध्याकाळी टेबल परत नेलं. मी ते पलंगाच्या उशाशी लावून घेतलं. "वाघाच्या लाकडाले उगवतीकडं तोंड लागते," असं सांगितलं. अनसूयाबाईंनी ऐकून घेतलं. पुंजाजी आत आला. आताही खाकरला नाही. खण ओढला. ढकलला. पुन्हा ओढला, या वेळी पार बाहेर. त्याचा हात फडक्यांपाशी आला, थांबला आणि विटाळ होईल तसा मागं गेला.

"वा!" तो म्हणाला. "मुका झाला गडी."

"झाला न, भाऊ," मी म्हटलं. "आता काही आयकू येनार नाई कोनाले."

कुंदा भिंतीपाशी उभी होती. निघताना मी तिच्याकडं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिला तिथं सोडून निघता आलं नसतं.

नंतर काही दिवस मी दुकानात कुणाला एक गोष्ट सांगितली नाही. गिऱ्हाइकं विचारायची, बरं नाही का? हे नुसते लाकडाला रंधा मारत राहायचे. मग एका सकाळी शामराव आले. उभ्याउभ्याच बोलले.

"आयकलं काय, वयनी? पुंजाजीवर रानडुक्कर आलं बागेत. त्यानं आडवा हात घातला. तळहात पार फाटला, बोटं गेले. अमरावतीच्या दवाखान्यात हाये."

"डुक्कर," मी म्हटलं.

"मोठं होतं म्हने. सुळे हातभर. सारं गाव पाह्याले जाऊन रायलं. भजनी मंडळवाले म्हनते, सत्कार करू." बोलताना त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडं होती. तिथं यांची हत्यारं टांगलेली असायची. एक खिळा रिकामा होता.

"अन् पोरगी?"

"बरी हाये. काल मी गेलतो. स्वतः चहा करून देला." ते थांबले. "बसली माह्याजवळ. बोलली नाई." आणि निघून गेले. त्यानंतर लाकडाची मापं घ्यायला शामराव दुसऱ्या माणसाला पाठवू लागले.

डुकराची ती थाप गावानं अख्खी गिळली. कुणी विचारलं नाही, बागेत माग दिसले का. कुणी विचारलं नाही, सुळ्यानं बोटं अशी सरळ रेषेत कशी तुटतात. एवढी बिनबुडाची गोष्ट माझी असती तर बायांनी मला दारातून हाकललं असतं.

दिवाळी झाल्यावर अनसूयाबाई आल्या. एकट्या, एसटीनं. दुकानात इकडंतिकडं बघत राहिल्या. मी पाट सरकवला, बसल्या नाहीत. मला वाटलं, आता पटाशीचं नाव निघणार. हातातलं मेण मी घट्ट धरून ठेवलं.

"कड्या हायेत काय तुह्याजवळ?" त्यांनी विचारलं.

"हायेत न. कोनत्या दाराले?"

"सुनेच्या. आतून लावाची. जाड दे."

मी सगळ्यात जाड कडी काढली, कोयंडा दिला, पेच दिले. त्यांनी कडी हातात तोलली.

"पेचकस घेऊन माह्याच हातानं काढली होती मी जुनी," त्या म्हणाल्या. "हे म्हने काढ, त मी काढली." माझ्याकडं बघत नव्हत्या. "ते तिच्या खनात जे हाये ते तिच्याजवळच हाये. मी मांगतलं नाई."

मी पेच पुडीत बांधून दिले.

त्या निघाल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या.

"अजून एक दे."

"आता कोनत्या दाराले?"

"बुढ्याच्या खोलीले. दवाखान्यातून उद्या येऊन रायला."

मी दुसरी कडी काढली. "हेबी आतून?"

अनसूयाबाईंनी ती माझ्या हातातून घेतली, पहिलीच्या शेजारी पिशवीत ठेवली आणि पिशवीचं तोंड आवळलं.

"नाई," त्या म्हणाल्या. "हे बाहेरून."